पन्नाशीला पन्नास किलोमीटर: एका राइडमधून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?



पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून मला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "विषय आहे, पण प्रश्न सुचत नाही." मीही दोन वर्षं याच वाक्यावर अडकले होते. म्हणून आज सिद्धांत बाजूला ठेवू. एक अगदी साधा विषय घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा निघतो, कुठे फसतो, परत कसा उभा राहतो, ते शेवटपर्यंत बघू. विषय आहे: सायकल चालवणारी माणसं स्वतःची पन्नाशी कशी साजरी करतात?

हसू नका. हा विषय मी खरंच एकदा आरएसीपुढे मांडला होता. तिथे काय झालं तेही पुढे सांगते.

आधी नुसतं बघा

माझा मामा पुण्यात राहतो. चाळिशीनंतर सायकल घेतली, ग्रुपमध्ये गेला आणि मग आपल्या सगळ्यांच्या घरात एक असतो तसा 'सायकलवाला' झाला. पन्नासाव्या वाढदिवसाच्या रविवारी ग्रुपने त्याच्यासाठी पन्नास किलोमीटरची राइड ठरवली. पहाटे साडेपाचला निघायचं, खडकवासल्याच्या पुढे जायचं, वाटेत मिसळ, परत आल्यावर सोसायटीच्या गेटपाशी केक. सगळ्यांनी एकाच रंगाच्या जर्सी घातल्या होत्या.

गेटपाशी पोचल्यावर मामाने घड्याळात पाहिलं: ४९.३ किलोमीटर. मामी केक घेऊन उभी, मेणबत्त्या पेटलेल्या आणि हा माणूस सोसायटीच्या पार्किंगला गोल गोल फेऱ्या मारतोय! मागून अख्खा ग्रुप. ५०.० दिसल्यावरच पाय खाली टेकले.

आता इथे थांबा. तुम्ही या जागी असता तर वहीत काय लिहिलं असतं? मी पहिल्यांदा लिहिलं होतं: "सायकलस्वार पन्नाशी उत्साहाने साजरी करतात." हे वाक्य संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. त्यात काही विचारलेलंच नाही, फक्त कौतुक केलंय. त्यापेक्षा ही चार निरीक्षणं बघा:

एक, वयाचं वर्ष आणि किलोमीटर यांचा आकडा जुळवला गेला.
दोन, ४९.३ आणि ५० यांत शरीराच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता, तरी फेऱ्या मारल्या गेल्या.
तीन, राइड एकट्याची नव्हती, ग्रुपची होती.
चार, राइडची नोंद लगेच ॲपवर टाकली गेली.

प्रत्येक ओळीच्या शेवटी "का?" लावून बघा. चार प्रश्न तयार. विषय आणि प्रश्न यांतला फरक एवढाच: विषयाकडे बोट दाखवता येतं, प्रश्नाचं उत्तर चुकू शकतं. ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही तो प्रश्न नव्हे.

पन्नासच का?

पहिला "का" घेऊ. आपल्याकडे पन्नाशीला विधी आहेच. वयाच्या टप्प्यांवर करायच्या ज्या शांती आहेत, त्यांत पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, साठाव्या वर्षी उग्ररथ शांत, पंचाहत्तराव्या वर्षी ऐंद्री शांत सांगितली जाते. चार आश्रमांच्या रूढ हिशेबात पन्नाशीनंतर वानप्रस्थ सुरू होतो. म्हणजे परंपरेने वनात जायचं वय, आणि आमचा मामा घाटात जातो.

आता नेदरलँड्सकडे बघा. तो देश सायकलींसाठी ओळखला जातो. तिथे पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या पुरुषाने 'अब्राहम पाहिला' असं म्हणतात, आणि बाईने 'सारा पाहिली'. घरासमोर मोठा बाहुला उभा करतात, शेजारीपाजारी येता-जाता चिडवतात. हा वाक्प्रचार बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातून आला. तिथे येशूला विचारतात की तू अजून पन्नास वर्षांचाही नाहीस, मग अब्राहमला कसा पाहिलास?

दोन संस्कृती, दोन वेगळ्या कथा, आकडा मात्र तोच. यावरून पहिला अंदाज निघतो: पन्नाशीचं महत्त्व शरीरातून येत नाही, मोजण्याच्या पद्धतीतून येतं. आपण दहा-दहाने मोजतो, म्हणून पन्नास हा टप्पा वाटतो.

हा अंदाज तपासायला सायकलिंगमध्ये एक छान सोय आहे. 'वयाइतकं अंतर चालवायचं' ही वाढदिवसाची पद्धत इंग्लंड-अमेरिकेतही आहे, पण तिथे मैल मोजतात. पन्नास मैल म्हणजे साधारण ८०.५ किलोमीटर. म्हणजे पन्नास वर्षांचा अमेरिकन सायकलस्वार वाढदिवसाला ऐंशी किलोमीटर चालवतो आणि पुण्यातला पन्नास. दोघांचं वय एक, हृदय-फुप्फुसं माणसाचीच, पण 'योग्य' अंतर तीस किलोमीटरने वेगळं. अंतर ठरवतंय कोण? एकक! नियमित चालवणाऱ्याला पन्नास किलोमीटर फारसे अवघड नसतात. म्हणून आपल्याकडे कोणी आकडा दुप्पट करतो, कोणी शंभराची राइड करतो, कोणी सिंहगड चढतो, कोणी आषाढीच्या आधी सायकलवर पंढरपूर गाठतो. आकडा सोपा पडला की माणूस त्यात अवघडपणा मिसळतो. ही नोंद पुढे कामाला येईल.

आधी कोणी काय शोधलंय?

आता साहित्याचा आढावा. इथे आपण सगळे एक चूक करतो: 'सायकल', 'पन्नाशी', 'वाढदिवस' असे शब्द टाकून शोधतो, काही मिळत नाही आणि "या विषयावर संशोधन झालेलं नाही" असं लिहून मोकळे होतो. असं लिहिणं म्हणजे गाइडच्या हातात लाल पेन देणं. विषयाचं नाव शोधू नका, त्यामागची यंत्रणा शोधा. आपली यंत्रणा आहे 'गोल आकडा माणसाच्या वागण्यावर परिणाम करतो का?' या नावाने शोधलंत तर खजिना सापडेल.

२०१४ मध्ये ॲडम ऑल्टर आणि हॅल हर्शफिल्ड यांनी पीएनएएस या नियतकालिकात एक निबंध छापला. त्यांचं म्हणणं असं की नवं दशक सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २९, ३९, ४९, ५९ या वयांत, माणूस आयुष्याच्या अर्थाचा जास्त विचार करतो आणि काहीतरी मोठं करायला निघतो. एका पुराव्यात त्यांनी २५ ते ६४ वयाचे, पहिल्यांदाच मॅरेथॉन धावणारे ५०० जण घेतले. त्यांतले ७४ जण 'नऊवाले' निघाले.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. कागद घ्या. २५ ते ६४ म्हणजे चाळीस वयं. त्यांत नऊने संपणारी चार. चाळीसात चार म्हणजे दहा टक्के. ५०० मधले दहा टक्के म्हणजे ५० जण अपेक्षित. मिळाले ७४, म्हणजे अपेक्षेपेक्षा ४८ टक्के जास्त. बातम्यांत हाच '४८ टक्के' गाजला.

आता शंका काढा. 'दहा टक्के अपेक्षित' हे कधी बरोबर? प्रत्येक वयाचे धावपटू सारखे असतील तर. ते तसे असतात का? तिशीच्या आसपास धावायला लागणारे आणि साठीच्या आसपास लागणारे सारखेच असतील, असं कशावरून? शिवाय चार वयांत मिळून ७४ म्हणजे एका वयाला सरासरी अठरा-एकोणीस माणसं. आपल्याला हव्या असलेल्या ४९ बद्दल एवढ्यावरून किती ठामपणे बोलणार? जास्त प्रामाणिक तुलना म्हणजे ४९ ची थेट ४८ आणि ५० शी. या निबंधातल्या विश्लेषणावर २०१५ मध्ये एरिक लार्सन यांनी फ्रंटियर्स इन सायकॉलॉजीमध्ये टिपण लिहून आक्षेप घेतले. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. निबंध कसा लिहावा आणि कसा तपासावा, हे एकाच बैठकीत कळतं.

दुसरं काम: एरिक ॲलन, पॅट्रिशिया डेचाव, डेव्हिन पोप आणि जॉर्ज वू यांनी मॅरेथॉन पूर्ण केल्याच्या जवळजवळ एक कोटी नोंदी तपासल्या, निबंध २०१७ मध्ये मॅनेजमेंट सायन्समध्ये आला. चार तासांसारख्या गोल वेळेच्या किंचित अलीकडे धावपटूंची गर्दी दिसते आणि किंचित पलीकडे खड्डा. ३ तास ५९ मिनिटं आणि ४ तास १ मिनिट यांत शरीराला काय फरक पडतो? मनाला पडतो. शेवटच्या टप्प्यात लोक त्या आकड्यासाठी जोर लावतात.

आठवलं? पार्किंगमधल्या फेऱ्या! मामा हे नकळत करत होता. तुमचं निरीक्षण आणि कोणाचा तरी एक कोटी नोंदींचा अभ्यास असे जुळतात, तेव्हा समजा की तुम्ही योग्य कपाटापाशी उभे आहात.

दुसरं कारण असू शकतं का?

समजा तुम्हाला एखाद्या सायकल शर्यतीचा डेटा मिळाला आणि त्यात पन्नाशीच्या लोकांची संख्या अचानक वाढलेली दिसली. लगेच 'पन्नाशीचा मानसिक परिणाम' असं लिहायचं?

थांबा. हौशी शर्यतींत वयाचे गट असतात: ४५ ते ४९, ५० ते ५४, असे. ४९ वर्षांचा माणूस आपल्या गटात सगळ्यांत म्हातारा. पन्नास लागले की तोच माणूस पुढच्या गटात सगळ्यांत तरुण! पदक मिळण्याची शक्यता वाढली, म्हणून नाव नोंदवलं. इथे आयुष्याच्या अर्थाचा काही संबंध नाही, साधा हिशेब आहे.

मग दोन कारणं वेगळी कशी करायची? मला या विषयात सगळ्यांत आवडलेला भाग हाच. सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनी जगभर चालतो, आपल्याकडेही पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत होतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका वर्षात चारही पूर्ण केले की 'सुपर रँडोनर'. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात, झालं. वयाचे गट नाहीत, पदकासाठी चुरस नाही.

आता जोडी लावा. पन्नाशीची गर्दी फक्त शर्यतींत दिसली आणि ब्रेव्हेत नाही, तर गटाचं कारण बळकट. दोन्हीकडे दिसली, तर टप्प्याचं कारण बळकट. अजून एक बारकावा: आंतरराष्ट्रीय सायकलिंगमध्ये वयाचा गट साधारणपणे जन्मवर्षावरून ठरतो. म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेला माणूस जानेवारीतच 'शर्यतीपुरता' पन्नास वर्षांचा होतो, खरी पन्नाशी अकरा महिन्यांनी. त्या अकरा महिन्यांत तो काय करतो, हे पाहिलं की दोन कारणं आपोआप वेगळी होतात. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नियमांचं पुस्तक नीट वाचावं लागतं.

नमुना कोणाचा?

आता शरीराकडे. "पन्नाशीनंतर सायकल चालवणारे तरुण राहतात" असे संदेश तुमच्या घरच्या ग्रुपवर आले असतील. त्यामागे बऱ्याचदा किंग्ज कॉलेज लंडनचं काम असतं. स्टीफन हॅरिज, नॉर्मन लाझरस आणि सहकाऱ्यांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास केला: ८४ पुरुष, ४१ स्त्रिया. निबंध २०१५ मध्ये आला. २०१८ च्या पुढच्या निबंधात याच गटातल्या लोकांची रोगप्रतिकारशक्ती तपासली, आणि तिच्यातली काही लक्षणं वयाच्या मानाने बरीच तरुण निघाली.

पण अभ्यासात घेण्याची अट वाचा. पुरुषांना १०० किलोमीटर साडेसहा तासांत आणि स्त्रियांना ६० किलोमीटर साडेपाच तासांत चालवता यायला हवेत. आता सांगा, ज्याचे गुडघे गेले, ज्याला हृदयविकार झाला, ज्याने सायकल सोडली, तो यात कुठे आहे? दारातच गळाला. ही संशोधकांची चूक नाही. 'आळशीपणामुळे झालेला बिघाड बाजूला काढला तर निव्वळ म्हातारपण कसं दिसतं' हाच त्यांचा प्रश्न होता आणि त्यासाठी ही अट योग्यच आहे. चूक पुढे होते, जेव्हा आपण त्या निष्कर्षाचं "सायकल घ्या, तरुण राहा" असं भाषांतर करतो. निष्कर्ष कोणासाठी लागू आहे हे अटीत लिहिलेलं असतं आणि अटीचा परिच्छेद बहुतेक जण ओलांडून जातात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण रॉबेर मार्शां. १९११ साली जन्मलेल्या या फ्रेंच सायकलस्वाराने २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, एका तासात २४.२५ किलोमीटर कापले. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, २६.९२७. वाढले! शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हेरोनिक बिया यांनी त्याचा अभ्यास केला. वयाच्या १०१ ते १०३ या काळात, ठरवून दिलेल्या सरावानंतर, त्याची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ३१ वरून ३५ वर गेली, म्हणजे तेरा टक्के वाढ.

एकाच माणसाचा अभ्यास. मग टाकाऊ का? नाही. 'शंभरीनंतर ही क्षमता वाढूच शकत नाही' हे विधान खोडायला एक माणूस पुरतो. 'सगळ्यांची वाढते' हे सिद्ध करायला मात्र तो पुरत नाही. नमुना लहान की मोठा हे नंतर विचारा. तुम्ही कुठलं वाक्य सिद्ध करायला निघालात, हे आधी विचारा.

आरएसीमध्ये काय झालं

एवढी तयारी करून मी समितीपुढे गेले. सव्वीस स्लाइड्स. ब्रेव्हे, शर्यत, गोल आकडे, सगळं. बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ मॅडम शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं:

"तुमचा सायकलस्वार म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "जो नियमित सायकल चालवतो तो."

"मग तुमच्या यादीत दूधवाला आहे का? पेपर टाकणारा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी यादी सायकल ग्रुपच्या व्हॉट्सॲपवरून तयार झाली होती. मी घरी आले ती थेट मामाच्या सोसायटीत गेले, कारण रस्त्यात मला एक गोष्ट आठवली होती. त्या केकच्या रविवारी गेट उघडायला वॉचमन काका होते. त्यांची काळी, जुनी सायकल भिंतीला टेकवलेली होती.

मी त्यांना विचारलं, "काका, रोज किती लांबून येता?"

"अकरा किलोमीटर पडतं ताई. जायचं-यायचं बावीस."

महिन्याचे सव्वीस दिवस धरा: ५७२ किलोमीटर. मामा महिन्यातले चार रविवार पन्नास-पन्नास चालवतो: दोनशे. माझ्या स्वतःच्या व्याख्येनुसार मोठा सायकलस्वार कोण? आणि माझ्या यादीत कोण होतं?

"काका, तुमची पन्नाशी झाली का?"

ते हसले. "कागदावर झाली मागच्या एक जूनला. गुरुजींनी लावलेली तारीख. आई म्हणायची भाताच्या काढणीत झालास."

महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही एक जून समजावून सांगायला नको. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी एक जून लिहीत. अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी!

आता हे तुमच्या डेटाच्या बाजूने बघा. भारतातल्या जनगणनेत वय विचारलं की पुष्कळ माणसं गोल आकडा सांगतात: चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. शून्य आणि पाच यांनी संपणाऱ्या वयांवर माणसांचे ढीग दिसतात. हे मोजायला लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतल्या लोकांपैकी शून्य-पाचवर किती सांगितले गेले, ते अपेक्षित पाचव्या भागाशी ताडून बघतात. कोणीच आकडा गोल केला नाही तर १००, सगळ्यांनीच केला तर ५००.

परत 'नऊवाल्यां'कडे या. तो सगळा युक्तिवाद ४९ आणि ५० वेगळे ओळखता येण्यावर उभा आहे. आपल्याकडे तोंडी सांगितलेल्या वयांवर ती पद्धत जशीच्या तशी लावलीत, तर ४९ वर माणसं कमी आणि ५० वर रेटून भरलेली दिसतील, आणि तुम्ही त्यालाच 'पन्नाशीचा परिणाम' म्हणून बसाल. परदेशी निबंधातली पद्धत उचलताना त्यामागचा जन्मदाखलाही उचलून आणता येत नाही, हे लक्षात ठेवा.

प्रश्नावलीत न मावलेलं

शेवटची गोष्ट. सरावासाठी मी एक छोटी प्रश्नावली केली होती. मामाला दिली. "पन्नाशीची राइड का केलीत?" यापुढे पाच पर्याय. त्याने 'फिटनेस'वर खूण केली आणि दोन मिनिटांत कागद परत दिला.

वाढदिवसानंतर आठवड्याभराने त्याचा फोन आला. "अगं, उद्या वाईला चाललोय सायकलवर. स्कूटर घेऊन मागे येतेस का? मामीला काळजी वाटते."

वाई त्याच्या वडिलांचं गाव. माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. पहाटे निघालो. कात्रज, मग हायवे, मग खंबाटकी. मी मागून केळी आणि ओआरएसची पिशवी लटकवून. घाटाच्या वरच्या वळणावर तो थांबला, पाणी प्यायला, आणि दरीकडे बघत म्हणाला, "अण्णा गेले तेव्हा एकोणपन्नासचे होते. मी आता बापापेक्षा मोठा झालो गं."

मी काहीच बोलले नाही. सुरूर फाट्याला आम्ही चहा घेतला. वाईत घाटावर जाऊन तो जरा वेळ बसला आणि सायकल टेम्पोत टाकून परत आलो. ती राइड त्याने ॲपवर टाकली नाही. घड्याळ बंदच ठेवलं होतं.

आता विचार करा. ॲपवरचा डेटा घेतला असता तर मला पन्नास किलोमीटरची राइड दिसली असती, वाईची दिसली नसती. प्रश्नावली घेतली असती तर 'फिटनेस' मिळालं असतं. पर्याय चुकीचे नव्हते, मामा खोटंही बोलला नव्हता. पाच चौकटींत जेवढं बसलं तेवढं त्याने दिलं. आणि मी जो आकडा 'गोल' म्हणून मोजत होते, तो त्याच्यासाठी गोल होताच, पण त्याशिवाय 'एकोणपन्नासच्या पुढचा'ही होता.

हे इथे लिहू का, हे मी त्याला विचारलं. घरचा माणूस आहे म्हणून संमती गृहीत धरायची नसते, उलट जास्त जपून विचारायची असते. तो म्हणाला, "लिही, पण केकचं पण लिही."

मग प्रश्न काय ठरला?

माझा पहिला प्रश्न होता: "सायकलस्वार पन्नाशी कशी साजरी करतात?" आता वहीत तीन आहेत:

१. वयाच्या गटांचा फायदा नसलेल्या ब्रेव्हेसारख्या प्रकारात, नोंदवलेल्या जन्मतारखेनुसार ४८, ४९, ५० आणि ५१ या वयांच्या सहभागात फरक दिसतो का?

२. रोजीरोटीसाठी सायकल चालवणारे आणि हौसेसाठी चालवणारे, यांच्यासाठी आयुष्यातले टप्पे कोणते? ते वयाच्या आकड्याशीच बांधलेले असतात, की मुलीचं लग्न, नोकरी कायम होणं, सायकल सुटून गाडी येणं यांच्याशी?

३. नोंदवलेल्या आणि न नोंदवलेल्या राइडमध्ये माणसं काय वेगळं ठेवतात?

पहिल्यासाठी आकडेवारी लागेल, दुसऱ्यासाठी क्षेत्रभेटी आणि मुलाखती, तिसऱ्यासाठी संयम. तिन्ही एका पीएचडीत मावणार नाहीत. मी दुसरा निवडला. समितीने तो मान्य केला, आणि त्या मॅडमनी पहिल्या भेटीसाठी कोणाकडे जाणार असं विचारलं तेव्हा या वेळी माझ्याकडे उत्तर होतं.

आता तुमचा गृहपाठ. या आठवड्यात घरातला किंवा शेजारचा एक समारंभ निवडा: पन्नाशी, निवृत्ती, बारसं, काहीही. चार निरीक्षणं लिहा, प्रत्येकापुढे "का?" लिहा. मग स्वतःला हे पाच प्रश्न विचारा. उत्तर चुकू शकेल असा प्रश्न आहे का? त्यामागची यंत्रणा कुठल्या नावाने शोधायची? दुसरं कारण काय असू शकेल? माझ्या यादीत कोण नाही? आणि चौकटीत न मावणारं काय आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा गेटपाशी उभं असतं.

ता. क.: यंदा एक जूनला मी सोसायटीत पेढे घेऊन गेले होते. काका म्हणाले, "ताई, आज अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, किती जणांना वाटणार?" मग दोन पेढे घेतले, एक रुमालात बांधला आणि ड्युटी संपल्यावर अकरा किलोमीटरला लागले.